जुन्या सागवानी पलंगाला नवी कापडी पाठ: ओशिवऱ्याचा बाजार आणि एका कारागिराचे काम

उशाशी फोम आणि कापडाने मढवलेली पाठ असलेला पलंग हवा असेल, तर शोरूममधून नवा माल उचलणे हा मुंबईतला सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग मार्ग आहे. त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे कोणीतरी वापरलेला, आधीच मढवलेला हेडबोर्ड घेऊन त्याचे कापड बदलणे. या दोन्ही वाटांना न जाता मी जोगेश्वरी पश्चिमेकडील ओशिवरा फर्निचर बाजारातून जुन्या सागवानी पलंगाचा फक्त उशाकडचा भाग घेतला आणि अंधेरी पूर्वेला एका लहानशा गाळ्यात काम करणाऱ्या कारागिराकडून त्यात नवी गादी बसवून घेतली. हे परीक्षण त्या बाजाराचे आणि त्या कामाचे आहे. मत आधीच सांगून टाकते: लाकडासाठी ओशिवऱ्याला जरूर जावे, मढवण्याचे काम मात्र तिथे सोपवू नये, आणि कारागीर निवडताना त्याने केलेल्या वस्तूची मागची बाजू आधी पाहावी.

हा बाजार एस. व्ही. रोड आणि रिलीफ रोड यांच्या आधाराने पसरलेला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राम मंदिर स्थानक सुरू झाल्यापासून पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांची चांगली सोय झाली आहे. मोठी दुकाने जुन्या धाटणीच्या नव्या फर्निचरची आहेत आणि खरा जुना माल बहुधा आतल्या बोळांत, एकावर एक रचलेल्या ढिगांत असतो. पार्ले, दादर, गिरगाव अशा भागांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला की घराघरांतले सागवानी पलंग, कपाटे आणि दारे भंगाराच्या भावाने बाहेर पडतात. नव्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये आजोबांच्या वेळचा पलंग मावत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे. त्यामुळे आज नवे विकत घेणे परवडणार नाही असे सागाचे लाकूड या ढिगांत अजूनही आवाक्यातल्या किमतीत मिळते. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरही असा माल असतो, परंतु तिथे शोभेच्या आणि संग्राहकांच्या वस्तूंचा भाव फर्निचरलाही लागू होतो आणि एवढी मोठी वस्तू त्या गल्लीतून बाहेर काढणे हे वेगळेच काम होऊन बसते. त्या बाजूला जायचेच असेल तर शुक्रवार टाळावा.

ओशिवऱ्यात मला खटकलेली पहिली गोष्ट म्हणजे ‘जुने’ हे विशेषण तिथे फार सैलपणे वापरले जाते. नव्या लाकडाला गडद पॉलिश मारून आणि कडा मुद्दाम घासून तयार केलेला माल शंभर वर्षांचा म्हणून दाखवला जातो. अशा वेळी वस्तू उलटी करावी. खरोखर जुन्या पलंगाच्या पाठीमागे पॉलिश क्वचितच असते, तिथे उघडे लाकूड काळवंडून एकसारखे तपकिरी झालेले दिसते, आणि स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी खाच असते. पुढून जुनी आणि मागून ताज्या भुशाचा वास येणारी वस्तू एकाच आयुष्यातली नसते. भावाच्या बाबतीत सांगायचे तर पहिल्या किमतीच्या साठ टक्क्यांच्या आसपास माझा व्यवहार ठरला. दुकानदार अर्थातच हिंदीत बोलतात, पण ‘लाकूड मागून बघू द्या’ असे मराठीत ठामपणे म्हटले तरी त्यांना नीट कळते.

मी निवडलेला भाग पाच फुटी पलंगाचा होता. दोन्ही बाजूंना गोल घडवलेले खांब, वर हलकी कमान, खिळा न मारता खाचेत बसवलेले सांधे, आणि मधल्या चौकटीत पूर्वी विणलेली वेताची जाळी, जिचे आता फक्त कडेला लोंबणारे तुकडे उरले होते. जाळी फाटलेली असल्यामुळेच त्याची किंमत उतरली होती, आणि गादी बसवण्यासाठी नेमकी अशीच रिकामी चौकट सोयीची असते. अखंड फळीचा हेडबोर्ड मढवायचा झाला तर जुने लाकूड पूर्णपणे झाकले जाते, आणि मग सागवानाचे पैसे मोजण्यात काही अर्थ राहत नाही. चौकट असेल तर गादीचा फलक वेगळा तयार करून आत बसवता येतो, लाकूड चारही बाजूंनी दिसत राहते, आणि पुढेमागे कापड खराब झाले तर मागचे स्क्रू काढून फलक तेवढा बाहेर येतो.

घेण्यापूर्वी लाकडाची तपासणी उन्हात किंवा चांगल्या टॉर्चच्या उजेडात करावी. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके आणि त्यांच्याखाली मैद्यासारखी बारीक भुकटी दिसली, तर भुंगा आत जिवंत आहे असे समजून पुढे चालू लागावे. सागाचा गाभा किडीला सहसा दाद देत नाही, परंतु गाभ्याबाहेरचे फिकट लाकूड तितके टिकाऊ नसते आणि जुन्या फर्निचरच्या मागच्या पट्ट्यांत ते बरेचदा वापरलेले असते. वाळवी मातीच्या रेषांवरून ओळखू येते. मात्र मुंबईकराने सर्वांत जास्त भ्यावे ते ढेकणांना. ते सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत आणि शिवणीच्या आत राहतात, रक्त न मिळताही काही महिने तग धरतात, आणि त्यांच्या वस्तीची खूण म्हणजे शाईचा टिंब पसरावा तसे काळे ठिपके. माझ्या चौकटीच्या एका सांध्यात मी टाचणी फिरवून पाहिली तेव्हा निघाली ती फक्त जुन्या मेणाची आणि धुळीची घट्ट गोळी. दुकानदाराने तोपर्यंत दोनदा घड्याळ पाहिले होते, पण हरकत घेतली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

ढेकणांचे हेच कारण आधीच मढवलेला जुना हेडबोर्ड न घेण्यामागेही आहे. त्याच्या कापडाआड काय आहे ते विकत घेईपर्यंत पाहता येत नाही. शिवाय पॉलियुरेथेन फोम वयाबरोबर पिवळा पडतो, त्याची लवचीकता जाते, आणि शेवटी चिमटीत धरला की त्याची भुकटी होते. दमट हवेत हे अधिक लवकर घडते. म्हणजे जुना फोम आणि जुने कापड फेकायचेच असते, आणि उरते ती बहुधा लाकडाचा चुरा दाबून केलेल्या, फुगलेल्या पार्टिकल बोर्डची फळी.

बाजारातल्या एका दुकानाने गादीचे कामही आपणच करून देऊ असे सुचवले आणि नमुना म्हणून तयार खुर्चीची बैठक पुढे ठेवली. फोम ‘चाळीस डेन्सिटी’चा आहे असे सांगण्यात आले. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधले वजन, त्यामुळे तो तपासायला साधा वजनकाटा पुरतो. ती बैठक २२ इंच लांब, तेवढीच रुंद आणि ४ इंच जाड होती, म्हणजे चाळीसच्या हिशेबाने फोमचे वजन सव्वा किलोहून थोडे जास्त भरायला हवे होते. त्याच मापाचा, न मढवलेला तुकडा मागवून मी सामान तोलायच्या हूकच्या काट्याला लावला, तर तो नऊशे ग्रॅमच्याही आत राहिला. हा फोम फार तर अठ्ठावीसचा होता. त्यावर मिळालेले उत्तर असे की ‘सगळे हाच वापरतात’, आणि ते बहुधा खरेही असावे. मी चौकट घेतली, फोम घेतला नाही.

अंधेरीच्या कारागिराचा पत्ता आमच्या सोसायटीतल्या सुतारकाकांनी दिला. गाळा इतका अरुंद आहे की मोठा सोफा रस्त्यावरच उघडावा लागतो. वयस्कर कारागीर आणि त्यांचा पुतण्या असे दोघेच काम करतात. पुतण्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने पिना मारतो. काका मात्र कापड आधी जागेवर धरण्यासाठी अजूनही लहान चुका, म्हणजे बारीक खिळे, वापरतात, त्या ओठांत धरतात आणि जिभेने एकेक पुढे सारत हातोडीने अर्ध्याच ठोकतात, म्हणजे ताण चुकला तर उपसता याव्यात. मी तिथे पोहोचले तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी खुर्ची उपडी पडलेली होती. तिच्या मागच्या कापडाच्या कडा आत दुमडलेल्या होत्या, पिना एका ओळीत होत्या आणि कोपऱ्यात कापडाचा गोळा झालेला नव्हता. काम यांनाच द्यायचे, हे तिथेच ठरले.

फोमबद्दल त्यांचे बोलणे थोडक्यात होते: “ताई, बसायचा फोम वेगळा आणि टेकायचा वेगळा. चाळीसचा लावला तर भिंतीला टेकल्यासारखं वाटेल.” त्यांनी बत्तीस डेन्सिटीचा, दोन इंच जाडीचा मऊ फोम सुचवला. इथे एक खुलासा करायला हवा की डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्सिटीवरून फोम किती टिकेल ते कळते, आणि तो किती दबेल हे हाताने दाबूनच पाहावे लागते. माझ्या चौकटीच्या आतले माप ५४ इंच बाय २२ इंच होते, त्यामुळे दोन इंच जाडीच्या तुकड्याचे वजन १,२५० ग्रॅमच्या जवळपास यायला हवे होते. काटा पाहून काका हसले खरे, पण तुकडा त्यांनी स्वतःच हुकाला लावला आणि वजन बरोबर भरले.

कापड मी दादरच्या एका फर्निशिंगच्या दुकानातून घेतले. सोफ्याच्या कापडाचा पन्हा साधारणपणे ५४ इंचांचा असतो, आणि हेडबोर्ड मढवताना सगळा घोळ याच आकड्यापाशी होतो. ५४ इंची फलकाला दोन्ही बाजूंनी फोमची आणि प्लायची जाडी आणि मागे दुमडायची जागा धरली तर ६३ इंच कापड लागते, म्हणजे पन्हा अपुरा पडतो आणि मधोमध जोड द्यावा लागतो. उपाय असा की कापड आडवे वापरायचे: लांबीच्या दिशेने पावणेदोन मीटर घेतले की जोड न देता काम होते, आणि पन्ह्यातून दोन फुटांच्या आतली एक लांब पट्टी शिल्लक राहते, जिच्यातून लोडाची खोळ निघू शकते. मात्र फुलापानांची उभी नक्षी किंवा मखमल असेल तर हे जमत नाही. मखमलीची लव एका दिशेने पडते. ती आडवी लावली की एका अंगाने पाहताना रंग गडद आणि दुसऱ्या अंगाने फिका दिसतो. म्हणून मी सुती आणि पॉलिएस्टर धाग्यांचे मिश्र, जाडसर विणीचे, दिशा नसलेले कापड निवडले.

रंगाचा निर्णय मात्र खोबरेल तेलाने केला. मराठी घरात हेडबोर्डचा खरा शत्रू धूळ नसून रात्री तेल लावून टेकलेले डोके आहे. परदेशी मासिकांतले मोत्यासारखे फिके कापड आपल्याकडे दोन महिन्यांत दोन गोल डागांसह दिसू लागेल. मी मातकट हिरवा रंग घेतला आणि त्याच कापडाच्या पट्टीतून वरच्या कडेला वेल्क्रोने अडकणारी, धुता येईल अशी अर्धी खोळ शिवून मागितली. काकांनी ती शिवून दिली, पण शोभा कमी होते असे त्यांचे स्पष्ट मत होते. बटणे खेचून चौकटी पाडण्याचा त्यांचा आग्रह मात्र मी मानला नाही, कारण प्रत्येक बटणाभोवतीच्या खळग्यात मुंबईची धूळ साचते आणि ती काढायला ब्रशशिवाय दुसरे काही चालत नाही.

प्रत्यक्ष काम पाहण्यासारखे होते. फलकासाठी १२ मिलिमीटरचा, आयएस ३०३ या भारतीय मानकातल्या बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या दर्जाचा प्लाय घेतला होता. झोपायच्या खोलीत साधा कमर्शियल प्लायही चालला असता, परंतु आपल्याकडचे चार महिने लक्षात घेता थोडे जास्त पैसे मोजणे योग्य वाटले. प्लाय चौकटीच्या मापापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर लहान कापला, कारण दुमडलेल्या कापडाला जागा ठेवली नाही तर फलक चौकटीत बसत नाही आणि ठोकून बसवला तर जुने सांधे उकलतात. त्यात हवा खेळावी म्हणून बोटभर रुंदीची भोके पाडली. फोम चिकटवताना सिंथेटिक रबराचे सोल्यूशन फक्त कडेला आणि मध्ये दोन पट्ट्यांत लावले. सगळीकडे लावले तर वाळलेल्या गोंदाचे कडक पापुद्रे नंतर पाठीला टोचतात. फोमच्या पुढच्या कडा त्यांनी ब्रेडच्या सुरीसारख्या लांब पात्याने तिरक्या छाटल्या, म्हणजे कापड ओढले गेल्यावर धार दिसत नाही.

फोमवर थेट वरचे कापड न घालता त्यांनी आधी मांजरपाट ताणून बसवले. हा थर बहुतेक जण वगळतात. या थरामुळे सगळा ताण आतल्या सुती कापडावर येतो, वरचे कापड नुसते गुळगुळीत बसवायचे राहते, आणि पुढे ते बदलायचे झाले तर फोमला हात लावावा लागत नाही. मग वरचे कापड: प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक बारीक खिळा, नंतर मध्याकडून कोपऱ्यांकडे सरकत जाणे, विणीची रेघ फळीच्या कडेला समांतर आहे का ते प्रत्येक वेळी डोळा लावून पाहणे, आणि सगळे जुळल्यावरच पिना. पिना गंज न धरणाऱ्या घ्याव्यात असे मी सुचवले तेव्हा त्यांनी डबा पुढे केला. त्या स्टेनलेस स्टीलच्याच होत्या. समुद्राच्या हवेत साध्या लोखंडी पिना वर्षभरात गंजतात आणि कापडाच्या दुमडीवर तांबडी रेघ उमटते.

चौकटीला आतून सागाच्याच बारीक पट्ट्या मारून फलक मागून स्क्रूने कसला आहे. मागे काळ्या कापडाचे अस्तर आहे, आणि भिंतीला टेकू नये म्हणून चार रबरी ठोकळे. ज्यांच्या घरात पलंगाची भिंत बाहेरची, विशेषतः पश्चिमेची आहे, त्यांनी हे अंतर एक इंचाहून कमी ठेवू नये. पावसाळ्यात ओल उतरलेल्या भिंतीला मढवलेली पाठ चिकटून राहिली की बुरशी आधी मागे धरते आणि आपल्याला तिचा पत्ता वासावरूनच लागतो. त्याच भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर तो मढवलेल्या भागाआड जाणार नाही याची मापे आधी घ्यावीत. फोम झपाट्याने पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. ओशिवऱ्याच्या याच बाजारात गेल्या काही वर्षांत मोठ्या आगी लागलेल्या आहेत, तेव्हा ही भीती कागदावरची नाही.

तक्रारीही आहेत. दिलेला वायदा पाळला गेला नाही आणि गणपतीचे दिवस हे कारण गणपती गेल्यावरही पुढे येत राहिले. फोन केल्यावर मिळणारे ‘उद्या नक्की’ हे उत्तर गृहीत धरू नये. खालच्या कडेची पायपिंग, म्हणजे दोरी घालून शिवलेली गोल किनार, उजव्या कोपऱ्यात किंचित वाकडी आहे. ती उशांमागे जाते म्हणून मी उसवायला लावली नाही, पण मजुरी ठरवताना ती लक्षात घेतली गेली नाही. पक्के बिल मिळत नाही. सोल्यूशनचा वास खोलीत बराच काळ रेंगाळला, त्यामुळे वस्तू घरी आणल्यावर काही दिवस गॅलरीत ठेवण्याची सोय असेल तर बरे. पॉलिश करणारा माणूस त्यांनीच आणला आणि त्याने स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचे, म्हणजे लाखेचे, पारंपरिक पॉलिश सुरेख केले, परंतु पावसाचे वातावरण असल्याने पहिल्या हातानंतर लाकडावर पांढुरकी झाक आली आणि तो हात पुन्हा द्यावा लागला. दमट हवेत चपडीचे हे होतेच. घाई नसेल तर पॉलिशचे काम दिवाळीनंतर काढावे.

खर्चाचा हिशेब असा: चौकट ३,२०० रुपये, टेम्पो ६००, डागडुजी आणि पॉलिश १,८००, प्लाय, फोम आणि अस्तराचे साहित्य १,९००, कापड ९१०, मढवण्याची मजुरी २,२००. एकूण १०,६१० रुपये. यापेक्षा कमी किमतीत तयार हेडबोर्ड मिळतात हे खरे आहे, पण त्यांचा सांगाडा पार्टिकल बोर्डचा असतो. सागवानी चौकटीचा नवा हेडबोर्ड मला याच्या दुपटीहून अधिक सांगितला गेला. ज्यांना वस्तू आठवड्याच्या आत हवी आहे किंवा ज्यांचे भाड्याचे घर अकरा महिन्यांनी बदलते, त्यांनी या भानगडीत पडू नये. पाच फुटांची अखंड चौकट प्रत्येक इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याने चढवण्याचे हमाल वेगळे पैसे घेतात.

बाजाराला मी पाचापैकी तीन गुण देईन, तेही लाकडासाठी, आणि कारागिराला चार. कापड आपण आणलेले त्यांना चालते, फोम मात्र ते स्वतःच्या ओळखीच्या दुकानातूनच आणतात आणि वजन करून घ्यायला हरकत घेत नाहीत. निम्मी रक्कम आधी मागतात. ती देण्यापूर्वी मांजरपाटाचा थर, पिनांचा प्रकार आणि मागचे अस्तर या तीन गोष्टी कागदावर लिहून त्यावर त्यांची सही घ्यावी, कारण भाव त्यांच्यासकट सांगितला आहे की त्यांच्याशिवाय, यावरून शेवटी वाद होतो.